निरुपद्रवी समजली गेलेली सुई

१९१२ च्या मार्च महिन्यात लंडनच्या हॉलोवे तुरुंगात मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांची दाटी झाली होती. काचा फोडण्याच्या आंदोलनात पकडलेल्या या स्त्रियांनी तिथे एक रुमाल भरला. तो आज इंग्लंडच्या ससेक्स भागातल्या वेस्ट होथली गावी, प्रीस्ट हाउस नावाच्या लहानशा संग्रहालयात आहे. त्यावर ६६ सह्या आहेत, सगळ्या दोऱ्याने भरलेल्या. जिच्या तिच्या अक्षराचे वळण टाक्यांत उतरले आहे. ज्या व्यवस्थेला या स्त्रियांचे मत मोजायचे नव्हते, तिच्याच तुरुंगात बसून त्यांनी आपापली नावे नोंदवून ठेवली.

हे शक्य झाले, कारण बाईच्या हातात सुई दिसली तर कोणाला संशय येत नसे. बायकांच्या तुरुंगात शिवणकाम नेहमीचेच होते. शिवत बसलेली बाई म्हणजे शांत, शहाणी, वळणावर आलेली बाई, असा सगळ्यांचा समज. भरतकाम, विणकाम, गोधड्या यांतून स्त्रीवादी राजकीय कला कशी उभी राहिली हे समजून घ्यायचे, तर या समजापासूनच सुरुवात करावी लागते. सुईला निरुपद्रवी ठरवण्यात आले, आणि तिची राजकीय ताकद त्यातूनच आली.

भरतकाम 'बायकांचे' कधी झाले?

ते कायमच तसे नव्हते. तेराव्या-चौदाव्या शतकात इंग्लंडमध्ये चर्चसाठी रेशमाचे आणि सोन्याच्या तारेचे भरतकाम होत असे. युरोपभर त्याला मागणी होती, पोपच्या संग्रहातही ते असे. कार्यशाळांमध्ये पुरुष आणि स्त्रिया दोघेही पैसे घेऊन हे काम करत, आणि ते चित्रापेक्षा खालच्या दर्जाचे आहे असे कोणी मानत नसे. पुढच्या काही शतकांत मात्र चित्रकला आणि शिल्पकला 'बुद्धीची कामे' म्हणून वर चढल्या, आणि अंगावर घालायच्या, अंथरायच्या, वापरायच्या वस्तू 'कारागिरी' म्हणून खाली राहिल्या. याच काळात भरतकाम कार्यशाळेतून घरात सरकत गेले. वरच्या आणि मधल्या वर्गातल्या बायकांसाठी तो बिनपैशाचा, रिकाम्या वेळातला, चांगल्या वळणाचा पुरावा झाला.

लंडनच्या रॉयल अकॅडमीचा इतिहास पाहिला की ही उतरंड कशी रचली गेली ते कळते. संस्था स्थापन झाली १७६८ मध्ये. संस्थापक सदस्यांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोन चित्रकार स्त्रिया होत्या. पण संस्थेने लवकरच नियम केला, की प्रदर्शनात सुईकाम, कागदाचे कातरकाम, शिंपल्यांचे काम असले काही स्वीकारायचे नाही. त्या दोघींनंतर पूर्ण सदस्यत्व मिळालेली पुढची स्त्री म्हणजे लॉरा नाइट, आणि तोवर १९३६ साल उजाडले होते. म्हणजे एकीकडे बायकांना कलेच्या संस्थेत येऊ द्यायचे नाही, आणि दुसरीकडे बायका घरी जे करतात त्याला कला म्हणायचे नाही.

विसाव्या शतकातल्या पुढारलेल्या संस्थाही यातून सुटल्या नाहीत. जर्मनीत १९१९ मध्ये सुरू झालेल्या बाउहाउस या कलाशाळेत प्रवेश घेणाऱ्या मुलींना बहुतेक वेळा विणकाम विभागात धाडले जाई. अ‍ॅनी आल्बर्स यांना काचकाम शिकायचे होते, त्यांना माग मिळाला. त्यांनी मागावर जे केले त्याचे १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये एकल प्रदर्शन भरले. त्या संग्रहालयात असा मान मिळालेल्या त्या पहिल्या वस्त्रकलाकार.

या विषयावरचे पायाभूत लेखन रोझिका पार्कर या ब्रिटिश अभ्यासिकेचे, १९८४ मधले. सोप्या शब्दांत त्यांचे म्हणणे असे: भरतकामाने मुलींना 'स्त्री' कसे व्हायचे ते शिकवले, मान खाली, तोंड बंद, हात कामात. आणि त्याच भरतकामाने त्यांना स्वतःचे काहीतरी मांडायची जागाही दिली. या दोन्ही गोष्टी एकाच कापडावर एकाच वेळी घडतात. यातले एकच अर्धे धरले की गडबड होते. फक्त पहिले धरले तर साऱ्या आज्या-पणज्या बिचाऱ्या ठरतात. फक्त दुसरे धरले तर प्रत्येक उशीच्या अभ्र्यात बंड दिसू लागते.

दोन्ही बाजू एकत्र पाहायच्या असतील, तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातले १८३० च्या सुमाराचे एक कापड पाहावे. त्या काळी मुलींकडून सराव म्हणून कापडाच्या तुकड्यावर अक्षरे, आकडे, देवाधर्माची वचने भरून घेत. एलिझाबेथ पार्कर नावाच्या तरुण मोलकरणीने तशाच कापडावर लाल दोऱ्याने, फुलीच्या टाक्यात म्हणजे क्रॉस-स्टिचमध्ये, ओळींमागून ओळी आपली कहाणी लिहिली. मालकाने केलेला छळ, आत्महत्येचा विचार, पापाची भीती. नक्षी नाही, फुलवेल नाही, नुसता मजकूर. मला लिहिता येत नाही म्हणून हे इथे मांडते आहे, असे ती सुरुवातीलाच सांगते, आणि शेवटी 'माझ्या आत्म्याचे काय होईल' इथे मजकूर थांबतो. आज्ञाधारकपणा शिकवण्यासाठी दिलेली अक्षरे तिने मालकाविरुद्धची साक्ष नोंदवायला वापरली. ही राजकीय कला आहे का? तिने तसे म्हटलेले नाही. पण पुढे जे झाले त्याची सगळी सामग्री या कापडात आहे.

उघडपणे राजकीय

मताधिकाराच्या चळवळीने हे कौशल्य घरातून रस्त्यावर आणले. १३ जून १९०८ रोजी लंडनमध्ये निघालेल्या मोर्चासाठी आर्टिस्ट्स सफ्रेज लीग या कलाकार स्त्रियांच्या गटाने डझनावारी निशाणे तयार केली. मेरी लाउंड्स या काचचित्रकार स्त्रीकडे त्याची धुरा होती. मखमल, रेशीम, जरीकाम. आणि त्यांवर शास्त्रज्ञ मेरी क्युरी, स्त्रीहक्कांवर लिहिणाऱ्या मेरी वुलस्टनक्राफ्ट अशा स्त्रियांची नावे. विरोधक या बायकांना पुरुषी, घर मोडणाऱ्या म्हणत. बायकी समजल्या जाणाऱ्या कौशल्याचा इतका देखणा नमुना हातात धरून चालणे हे त्याला उत्तरच होते.

यात एक फरक ध्यानात ठेवला तर पुढचे सारे सोपे जाते. कधी कापड संदेश वाहून नेते, घोषणा लिहिलेल्या निशाणासारखे. कधी कापड आणि टाका हाच मुद्दा असतो. तेच काम तैलरंगात केले तर अर्थ उरणार नाही. १९७० च्या दशकातल्या स्त्रीवादी कलाकार या दुसऱ्या वाटेने गेल्या.

१९७२ मध्ये लॉस एंजेलिसला ज्युडी शिकागो, मिरियम शपिरो या कलाकार स्त्रिया आणि त्यांच्या विद्यार्थिनींनी एक पडीक घर ताब्यात घेऊन त्याची प्रत्येक खोली कलाकृती बनवली. त्यात फेथ वाइल्डिंग यांनी क्रोशाने एक अख्खी खोली विणली, माणूस आत शिरू शकेल अशी. इंग्लंडमध्ये १९७५ पासून लहान मुले आणि घरकाम सांभाळणाऱ्या काही स्त्रिया एकमेकींना पोस्टाने विणलेल्या, शिवलेल्या छोट्या वस्तू पाठवू लागल्या. टपालाच्या पाकिटात मावेल आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर होईल एवढेच काम. १९७७ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्समध्ये त्याचे प्रदर्शन भरले. 'व्यक्तिगत तेच राजकीय' या स्त्रीवादी चळवळीच्या घोषवाक्याचा अर्थ भाषणांपेक्षा मला या पाकिटांतून जास्त कळतो. सलग आठ तास आणि स्वतंत्र स्टुडिओ ज्यांना कधीच मिळणार नव्हता, त्यांनी त्या अडचणीच्या मापाचीच कला केली.

ज्युडी शिकागो यांची 'द डिनर पार्टी' (१९७४ ते १९७९) ही या सगळ्यातली सर्वांत गाजलेली कृती. त्रिकोणी मेज, प्रत्येक बाजू ४८ फुटांची, इतिहासातल्या आणि पुराणकथांतल्या ३९ स्त्रियांसाठी ३९ पाने मांडलेली, आणि खालच्या फरशीवर आणखी ९९९ नावे. लोक चर्चा करतात ती चिनी मातीच्या ताटल्यांची. माझ्या मते खरा विचार ताटल्यांखालच्या भरतकाम केलेल्या पट्ट्यांत आहे. प्रत्येक पट्टी त्या त्या स्त्रीच्या काळातल्या तंत्राने भरलेली. वुलस्टनक्राफ्ट यांचेच घ्या. मुलींना सतत सुईकामात गुंतवून त्यांची बुद्धी आखडवली जाते, असे त्यांनी १७९२ मध्ये लिहिले होते. त्यांच्या पट्टीला अठराव्या शतकातले नाजूक, उठावदार, गोडगोड भरतकाम वापरले आहे, आणि त्याच टाक्यांत मागच्या बाजूला बाळंतपणानंतरचा त्यांचा मृत्यू दाखवला आहे. ज्या कामाने बाई अडकली, त्याच कामाने तिचे मरण सांगितले. रंगात हे साधले नसते.

या कृतीवर झालेली टीकाही तितकीच महत्त्वाची. ३९ पानांत कृष्णवर्णीय स्त्री एकच, गुलामगिरीविरुद्ध आणि स्त्रीहक्कांसाठी लढलेल्या सोजर्नर ट्रुथ. बाकी बहुतेक ताटल्यांवर स्त्रीच्या अवयवाची सूचना देणारी आकृती आहे, त्यांच्या ताटलीवर मात्र तीन चेहरे. काळ्या बाईला शरीर नसते का, असा सवाल लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांनी १९७९ मध्येच केला. दुसरा आक्षेप श्रमाचा. शेकडो जणींनी, आणि काही पुरुषांनीही, बहुतेक बिनपगारी काम केले. मदत करणाऱ्यांची नावे प्रदर्शनात फलकांवर लावली जात, हे खरे. तरीही कृती ओळखली जाते एकाच नावाने. २००७ पासून ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये कायमची मांडलेली आहे.

ज्यांनी कोणाची वाट पाहिली नाही

स्त्रीवादी कलाकारांनी सुई 'शोधून काढली' असे वाटत असेल, तर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्यांकडे वळावे. जॉर्जिया राज्यात गुलामीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स यांनी १८८६ च्या सुमारास बायबलमधल्या कथांची एक गोधडी केली. कापडाच्या आकृत्या कापून, जोडून, शिवून तयार केलेली. जेनी स्मिथ या गोऱ्या कलाशिक्षिकेला ती विकत हवी होती. पॉवर्स यांनी आधी नकार दिला. पुढे तंगी आली तेव्हा त्यांनी १० डॉलर मागितले आणि ५ डॉलरला ती दिली. नंतर त्या आपली गोधडी पाहायला जात असत. गोधडी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे. तिच्यातल्या चौकटींचा अर्थ आपल्याला कळतो, तो पॉवर्स यांनी सांगितला आणि स्मिथ यांनी लिहून घेतला म्हणून.

फेथ रिंगगोल्ड (१९३० ते २०२४) यांनी हाच धागा जाणीवपूर्वक उचलला. त्यांच्या घराण्यात गोधडी शिवणे गुलामीच्या काळापासून चालत आलेले. आई विली पोझी फॅशन डिझायनर. १९८० मध्ये मायलेकींनी मिळून पहिली गोधडी केली. रिंगगोल्ड यांच्या आत्मकथनाला प्रकाशक मिळत नव्हता, तेव्हा त्यांनी गोष्टी गोधडीवरच लिहायला सुरुवात केली. १९८३ पासूनच्या त्यांच्या कथा-गोधड्यांत चित्र, कापड आणि हाताने लिहिलेला मजकूर एकत्र येतो. शिवाय कापड गुंडाळून काखेत मारता येते. अवजड चौकटींचे कॅनव्हास हलवायचे तर मदत लागते, पैसा लागतो. ज्या बाईला स्वतःचे काम स्वतःच दारोदार न्यायचे आहे तिच्यासाठी ही मोठी गोष्ट होती.

चिलीतल्या आर्पियेरा या प्रकारात मात्र सुईने प्रत्यक्ष हुकूमशाहीशी सामना केला. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने सत्ता बळकावली. ऑगुस्तो पिनोशे यांच्या राजवटीत ३,००० हून अधिक माणसे मारली गेली किंवा कायमची बेपत्ता झाली. ज्यांचे नवरे, मुलगे, भाऊ नेले होते त्या स्त्रिया तुरुंग, दवाखाने, शवागारे पालथी घालत होत्या. घरात मिळवणारे कोणी उरले नव्हते. १९७४ पासून चर्चच्या आश्रयाने आणि १९७६ पासून विकारिया दे ला सोलिदारिदाद या कॅथलिक संस्थेच्या मदतीने त्या एकत्र बसून पोत्याच्या कापडावर चिंध्यांची चित्रे शिवू लागल्या. कधी त्या चिंध्या बेपत्ता माणसाच्याच कपड्यांच्या असत.

ही चित्रे पहिल्या नजरेला लहान मुलांच्या पुस्तकातल्यासारखी दिसतात. वर अँडीज पर्वत, एक पिवळा सूर्य, खाली रंगीत घरे, कापडाच्या इवल्या बाहुल्या. मग दिसते की बाहुल्या रांगेत उभ्या आहेत ते सामुदायिक स्वयंपाकाच्या भांड्यापुढे, कारण कोणाच्याच घरी शिधा नाही. किंवा संसदेच्या फाटकाला स्त्रियांनी स्वतःला साखळीने बांधून घेतले आहे. किंवा एक फलक: 'ते कुठे आहेत?' संस्था ही चित्रे विकत घेई आणि परदेशी पाठवी. तिथले पाठिंबा देणारे गट ती विकत. बाईच्या हातात त्यातून पैसे येत. वृत्तपत्रांवर करडी नजर असताना देशातली बातमी अशी बाहेर जात होती. सुरुवातीला अधिकाऱ्यांना ही बायकांची गरिबाची हस्तकला वाटली. पुढे उमगले तेव्हा काही पार्सले जप्त झाली आणि सरकारच्या बाजूची वृत्तपत्रे याला देशाची बदनामी म्हणू लागली. चित्रांवर सहसा सही नसे. सही म्हणजे पत्ताच.

शिवणाऱ्या स्त्रियांतही यामुळे बदल झाला. पोटासाठी आलेल्या स्त्रिया शेजारणीचे ऐकू लागल्या, घरचा विरोध मोडून बैठकींना जाऊ लागल्या, आपले हक्क समजून घेऊ लागल्या. हात कामात असले की अवघड गोष्ट बोलणे सोपे जाते; डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. स्त्रीवादी सुईकामात गट का महत्त्वाचा असतो, याचे याहून चांगले कारण मला माहीत नाही.

अशी उदाहरणे इतरत्रही आहेत. पहिल्या इंतिफादाच्या म्हणजे इस्रायलच्या ताब्याविरुद्धच्या पॅलेस्टिनी उठावाच्या काळात, १९८७ नंतर, पॅलेस्टिनी झेंडा उघड फडकवायला बंदी असताना स्त्रियांनी पारंपरिक झग्यांवर झेंड्याचे रंग आणि नकाशे भरले. मेक्सिकोत २०११ पासून लोक चौकात बसून हिंसाचारातल्या बळींची नावे रुमालांवर भरतात; मारले गेलेल्यांसाठी लाल दोरा, बेपत्तांसाठी हिरवा. बिहारच्या मुझफ्फरपूर जिल्ह्यातल्या भुसुरा गावच्या सुजनी कामात जुन्या कापडांचे थर धावदोऱ्याने जोडले जातात. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून संस्थांच्या पुढाकाराने तिथल्या स्त्रिया हुंडा, मुलींची गर्भातच होणारी हत्या, दारू, निवडणूक हे विषय भरू लागल्या. संस्था आणि ग्राहक मध्ये आले की विषय कोण ठरवते हा प्रश्नही येतो, आणि तो विचारलाच पाहिजे. पण पूर्वी बाळासाठी होणारी दुपटी आता बाळ मुलगी असेल तर तिचे काय होते हे सांगतात, यात त्या स्त्रियांचा स्वतःचा अनुभव उतरला आहे, हे ती कापडे पाहताना जाणवते.

आजचा टाका आणि त्याचे प्रश्न

२००३ मध्ये अमेरिकन लेखिका बेट्सी ग्रीअर यांनी हस्तकला आणि चळवळ यांच्या संगमाला 'क्राफ्टिव्हिझम' हे नाव रुळवले. २१ जानेवारी २०१७ च्या महिला मोर्चात अमेरिकेतल्या शहरांचे रस्ते हाताने विणलेल्या, मांजराच्या कानांसारखी टोके असलेल्या गुलाबी टोप्यांनी भरून गेले. त्यांचे 'पुसीहॅट' हे इंग्रजी नाव स्त्रीच्या अवयवाकडेही बोट दाखवते. विणीची कृती इंटरनेटवर फुकट होती. ज्यांना मोर्चाला जाणे शक्य नव्हते त्यांनी विणून पाठवल्या. लवकरच टीकाही आली, की हा रंग आणि हा संदर्भ ट्रान्स स्त्रियांना आणि गोऱ्या नसलेल्या स्त्रियांना वगळतो. ती टीका मला रास्त वाटते. एकच खूण सगळ्यांसाठी शिवायला गेले की कोणाला तरी ती तोकडी पडते.

मला अधिक अस्वस्थ करणारा प्रश्न वेगळा आहे. स्त्रीमुक्तीच्या घोषणा भरलेले टी-शर्ट आज स्वस्तात मिळतात, आणि ते शिवणारे हातही बहुतांशी बायकांचेच असतात. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१०० हून अधिक कामगार मेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया, कपडे शिवणाऱ्या. स्वखुशीने, सावकाश घातलेला टाका आणि तासाला ठरलेल्या नगांच्या दबावाखाली घातलेला टाका यांत फरक आहे. कापडावरची घोषणा हा फरक झाकू शकते. म्हणून स्त्रीवादी वस्त्रकलेकडे पाहताना, त्यावर काय लिहिले आहे याच्याआधी ते कोणी, कशा परिस्थितीत आणि कोणत्या मोबदल्यात केले ते विचारावे असे मला वाटते.

श्रम दाखवायची एक ठसठशीत रीत घादा आमेर यांच्या कामात सापडते. कैरोत जन्मलेल्या आमेर फ्रान्समध्ये कला शिकत असताना त्यांना एका चित्रकला वर्गात घेतले गेले नाही, कारण तो पुरुषांसाठी राखलेला होता. त्यांनी कॅनव्हासवर रंगाऐवजी दोरा घेतला. प्रौढांच्या मासिकांतली स्त्रियांची चित्रे त्या रेषेरेषेने भरतात आणि उरलेले दोरे न कापता लोंबते सोडतात. चांगल्या भरतकामात मागची बाजू लपवायची असते. इथे तो सगळा गुंता पुढे आलेला आहे. दुरून नुसते रंगांचे ओघळ, जवळ गेल्यावर देह. पुरुषांच्या नजरेसाठी काढलेले चित्र पाहायला आता पाहणाऱ्याला कष्ट पडतात.

संग्रहालयांच्या फलकांकडेही याच चिकित्सेने पाहायला हवे. जुन्या भरतकामाखाली बहुधा लिहिलेले असते: 'कलाकार अज्ञात'. चिलीतल्या कित्येक आर्पियेरांखालीही तेच असते. पण चिलीतल्या बाईने जीव वाचवण्यासाठी नाव लपवले होते, आणि जुन्या गोधडीखालच्या बाईला बहुतेकदा कोणी नाव विचारलेच नव्हते. यांतले कोणते कारण आहे, तेवढे तरी फलकावर लिहिणे संग्रहालयांना सहज जमण्यासारखे आहे.